बाप्पा गेले, मखर उरलं : आरास उतरवून वर्षभर नीट ठेवायची कशी

विसर्जनाहून घरी यायचं, रिकाम्या पाटासमोर निरांजन लावायचं, वाटली डाळ वाटायची. मग मात्र तो ओका कोपरा बघवत नाही. त्याच रात्री मखर खाली येतं, लाइटच्या माळा गुंडाळून पिशवीत जातात आणि पिशवी लॉफ्टवर. पुढच्या भाद्रपदात तीच पिशवी उघडली की झालरीवर काळे ठिपके, पुठ्ठ्याला पोपडे, आणि माळांचं असं गाठोडं की सोडवण्यापेक्षा नवी आणलेली परवडते.

आरास वापरून खराब होत नाही. ओल आत कोंडली की ती खराब होते. गणपती येतात भर पावसाळ्यात; कापड, पुठ्ठा, लाकूड दहा दिवस हवेतला दमटपणा पीत उभं असतं. तसंच डब्यात बंद केलं की ओलही सोबत बंद होते. म्हणून हे काम दोन टप्प्यांत करायचं. उतरवणं, पुसणं, वेगवेगळं करणं विसर्जनानंतरच्या दोन दिवसांत. शेवटचं बांधणं ऑक्टोबरच्या उन्हात. मधला पितृपंधरवडा घरात शांततेचा असतो, तेवढ्यात चिकटवणं, शिवणं, दुरुस्ती उरकून घ्यावी.

घरचा पहिलाच गणपती असेल तर खालच्या क्रमाने जा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वरची वस्तू काढल्याशिवाय खालची मोकळी होत नाही, आणि ओढाओढीतच निम्मी मोडतोड होते.

हाताशी काय हवं

- झाकणाचे प्लास्टिकचे डबे, ४० ते ५० लिटरचे दोन. पारदर्शक असले तर उत्तम.
- जुनी सुती चादर, धोतर किंवा उशांचे अभ्रे, ७-८
- जाड पुठ्ठा. एका माळेला साधारण एक फूट बाय सहा इंचाचा तुकडा.
- मार्कर, पेन्सिल, सुतळी, जुन्या नाड्या
- लहान झिप पिशव्या, १५-२०
- मऊ ब्रश (रंगकामाचा एक इंची चालतो), दोन कोरडी फडकी
- स्क्रू ड्रायव्हर, पकड, मखरासोबत आलेली षटकोनी किल्ली
- घट्ट उभी राहणारी शिडी आणि ती धरायला एक माणूस

कागदपत्रं म्हणाल तर थोडीच: लाइटचं बिल आणि गॅरंटी कार्ड, मखर भाड्याने आणलं असेल तर अनामत रकमेची पावती. भाड्याच्या मखराचे सुटे भाग परत देण्याआधी मोजून, फोटो काढून द्या. एक कळस कमी भरला की अनामत अडकते.

१. आधी फोटो, मग प्लग

काहीही हलवण्याआधी चार फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि मागून. मागचा फोटो सगळ्यात कामाचा, कारण कोणती वायर कुठून फिरवली होती हे वर्षभर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

मग लाइट लावून १० मिनिटं तसेच राहू द्या आणि बघा. जो भाग विझलेला किंवा मिणमिणता आहे तिथे लाल दोरा बांधून ठेवा. माळ उतरवली की बिघाड नेमका कुठे होता ते सापडत नाही.

आता बटण बंद करा आणि प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही; एक्स्टेंशन बोर्डाच्या गर्दीत भलतंच बटण बंद झालेलं असतं. ओल्या हाताने वायरीला हात नको.

२. चांदी बाजूला, निर्माल्य बाजूला

चांदीच्या दूर्वा, मुकुट, पानसुपारी, केवडा, मोदक मोजून एका ताटात काढा. चांदीची छोटी दूर्वा निर्माल्याबरोबर जाणं हा दर वर्षीचा प्रकार आहे. म्हणून निर्माल्य थेट पिशवीत न ओतता आधी जुन्या वर्तमानपत्रावर पसरा आणि हाताने चाळा.

हारातला दोरा, जरीची फीत, प्लास्टिकचे मणी, रबर काढून टाका. उरलेली फुलं, पानं, दूर्वा निर्माल्य कलशात द्या किंवा घरीच खत करा. नुसती फुलं भांड्यात भरली की त्यांचा चिखल होतो आणि वास सुटतो. फुलांइतकाच वाळलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट थराथराने घाला आणि दोन-तीन दिवसांनी ढवळा.

कोकणात माटवी आणि गोव्यात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधतात. तिथे सुपारीचे घड, कवंडळं, रानफळं उतरवल्यावर लाकडी चौकटीच्या खाचा नीट बघा. फळाचा रस खाचेत सुकला की मुंग्या येतात. चौकट ओल्या फडक्याने पुसा, दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, मगच आढ्याला परत टांगा. सुंभाच्या गाठी कापू नका, सोडा. सुंभ पुढच्या वर्षी लागतो.

३. दिव्यांच्या माळा

आरासीत सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो.

माळ वरून खाली उतरवा. खालचं टोक धरून ओढलं की टाचण्या आणि टेप यांवर ताण येतो आणि दिव्याच्या बुडाशी वायर सुटते. थेट प्लगवर चालणाऱ्या एलईडी माळेत दिवे गटागटाने एकसर जोडणीत असतात. एका दिव्याचा पाय सुटला की तो अख्खा गट विझतो, बाकीची माळ चालू राहते. पूर्ण माळच बंद असेल तर दोष बहुधा प्लगमध्ये किंवा नक्षी बदलणाऱ्या डबीपाशी तुटलेल्या तारेत असतो. गॅलरीत लावलेल्या माळेची ही डबी पाणी अडवणारी नसते. पाऊस लागला असेल तर प्लग काढलेल्या अवस्थेत चार-पाच दिवस कोरड्या जागी ठेवा, त्याआधी लावून बघायचा मोह नको.

गुंडाळायची रीत अशी. पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना कात्रीने एकेक खाच पाडा. माळेचं शेपूट, म्हणजे प्लग नसलेलं टोक, पहिल्या खाचेत अडकवा आणि इंग्रजी आठच्या आकारात सैलसर गुंडाळत जा. प्लग शेवटी आणि बाहेर आला पाहिजे. उलटं केलं, प्लगपासून सुरुवात केली, तर पुढच्या वर्षी माळ चालते का एवढं बघायलाही ती पूर्ण उलगडावी लागते. एका पुठ्ठ्यावर एकच माळ. शेवट नाडीने बांधा. रबरबँड नको, उन्हाळ्यात तो वितळून वायरीला चिकटतो.

पुठ्ठ्यावरच मार्करने लिहा: «पिवळी, १० मीटर, मखराची डावी कड, तिसरा गट बंद».

तांब्याच्या बारीक तारेच्या माळा पुठ्ठ्यावर नकोत. कोनात घडी पडली की तार आतून तुटते. त्या रिकाम्या गोल डब्याभोवती किंवा बाटलीभोवती गुंडाळा. एलईडी पट्टी ज्या चकतीवर आली तिच्यावरच परत जाऊ द्या. पट्टीला काटकोनात वाकवलं की तिथला जोड जातो. तिचा अडॉप्टर त्याच पिशवीत ठेवा. घरात तीन-चार सारखे दिसणारे अडॉप्टर असतात, त्यातला १२ व्होल्टचा कुठला आणि राउटरचा कुठला हा घोळ पट्टी जाळून मिटवायचा नसेल तर त्यावर चिठ्ठी लावा.

सेलवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूतले सेल काढा. इलेक्ट्रॉनिक पणत्या, फिरतं चक्र, रिमोट, सगळ्यातले. वर्षभरात सेल पाझरतो आणि आत पांढरी भुकटी जमते. तशी जमलीच असेल तर कानकाडीला लिंबाचा रस लावून ती पुसा, मग कोरड्या काडीने, आणि पूर्ण सुकू द्या. भुकटीला बोट लावू नका. पणत्यांतले बटणासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिका भाजतो, काही तासांतच इजा होते. तसा नुसता संशय आला तरी थेट इस्पितळ गाठा.

हे मात्र ध्यानात ठेवा: सगळ्या माळा लॉफ्टवर टाकू नका. नवरात्र आणि दिवाळी तोंडावर आलेली असते. त्या दोन सणांत लागणाऱ्या माळा वेगळ्या डब्यात, हाताला येतील अशा ठेवा.

४. खोटी फुलं आणि तोरणं

कापडी फुलांवर उदबत्तीची काजळी आणि धूळ बसते. आधी ब्रशने झटका. प्लास्टिकची फुलं साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हलवा आणि उलटी टांगून वाळवा. कापडी फुलं पिशवीत जाड मिठाबरोबर हलवायची एक युक्ती फिरत असते. धूळ निघते खरी, पण पाकळ्यांत अडकलेले मिठाचे कण दमट हवेत पाणी धरतात आणि देठातली तार गंजते. मुंबई-कोकणात तरी त्या वाटेला जाऊ नका.

मणी आणि आरशांची तोरणं घडी न घालता जुन्या चादरीवर पसरा आणि चादरीसकट गुंडाळा. गुंता होत नाही.

५. पडदे, झालरी, मखमल

पहिलं काम टाचण्या शोधण्याचं. कापडावरून लोहचुंबक फिरवला तर पटकन सापडतात. एक राहिलेली टाचणी वर्षभरात गंजते आणि गंजाचा डाग काही केल्या जात नाही.

डागांना एकच औषध नसतं.

*कुंकू* : ओलं फडकं लावू नका. कापड उभं धरून मागून टिचक्या मारा, कोरड्या ब्रशने झटका. पाणी लागलं की रंग धाग्यात उतरतो. कोरडं निघेल तेवढं काढल्यावरच धुवा.

*हळद* : साबण लावला की पिवळा डाग एकदम लालभडक होतो आणि लोक घाबरून अजून साबण चोळतात. साबण अल्कधर्मी असतो, त्यात हळद लाल होते, एवढीच गोष्ट आहे. साबण पुरता निथळेपर्यंत धुवा. लाली राहिली तर शेवटच्या पाण्यात थोडं लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा होईल. मग कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन-तीन उन्हांत डाग फिका पडत जातो. रंगीत कापड मात्र त्यासाठी दिवसभर उन्हात टाकू नका, डागाबरोबर कापडाचाही रंग उडेल.

*तेल-तूप* : डागावर टाल्कम पावडर किंवा मैदा दाबून दोन तास ठेवा, झटका, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळून धुवा.

धुतलेल्या झालरीला स्टार्च किंवा खळ देऊन ठेवू नका. पुढच्या वर्षी कडक दिसावी म्हणून बरेच जण देतात. पण खळ म्हणजे कसर आणि झुरळं यांचं जेवण. खळ द्यायची ती वापरायच्या आदल्या दिवशी.

मखमलीची घडी घालू नका, पडलेली रेघ जात नाही. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, लव बाहेरच्या बाजूला. नळी कापड दुकानदाराकडे मागितली तर मिळते.

६. मखराचा सांगाडा

वरून खाली, सुटं करत या. आधी कळस आणि कमान, मग खांब, मग पाठ, शेवटी बैठक. प्रत्येक भागाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा: «डा-१», «डा-२», «उ-१», आणि जिथे दोन भाग जुळतात तिथे दोन्हींवर एकच बाण. मास्किंग टेपवर लिहिलेल्या चिठ्ठ्या वर्षभरात गळतात किंवा डिंक सोडतात. नट, बोल्ट, वॉशर झिप पिशवीत, पिशवी ज्या भागाची त्याच भागाला बांधलेली. षटकोनी किल्लीही तिथेच. ती हत्यारांच्या डब्यात गेली की गेलीच समजा.

लाकूड आणि प्लाय: किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने. एमडीएफला, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीला, पाणी अजिबात चालत नाही, कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. चौरंगाच्या पायांची खालची टोकं बघायची विसरू नका. अभिषेकाचं पाणी तिथे जाऊन मुरतं आणि कूज तिथूनच सुरू होते. चौरंग उलटा करून सावलीत दोन दिवस ठेवा.

पुठ्ठ्याचं मखर: घडीचं असेल तर ज्या घड्या कारागिराने दिल्या त्याच घाला. सपाट फळीवर आडवं ठेवा. भिंतीला टेकवून उभं ठेवलेला पुठ्ठा पावसाळ्यात धनुष्यासारखा वाकतो.

फोम शीटचं काम ऊन आणि वजन दोन्ही सोसत नाही. वर काही ठेवू नका.

जुनं थर्माकोलचं मखर अजून घरात असेल तर ते पुन्हा मांडायचा विचार सोडा. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या आरासीवर बंदी आहे. टाकताना ते जाळू नका, धूर विषारी असतो. नदीत किंवा ओढ्यातही नको. तुकडे करून, वरचा कागद-चमकी काढून सुक्या कचऱ्यात वेगळं द्या. तोवर ठेवलंच तर त्याला वायर टेकू देऊ नका. वायरीवरच्या आवरणातला तेलकट अंश थर्माकोल खातो, तिथे चर पडते आणि वायर चिकट होते.

७. गौरींचं सामान

खड्यांच्या किंवा तेरड्याच्या गौरी असतील तर पुढचा भाग सोडून द्या, तुमच्याकडे ठेवायला काही उरत नाही. उभ्या गौरी, विदर्भ-मराठवाड्यातल्या महालक्ष्म्या यांचा पसारा मात्र मखराहून मोठा, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू सासूच्या सासूपासून आलेल्या असतात.

आधी दागिने. नथ, कर्णफुलं, बिंदी मुखवट्यावर तशीच ठेवून मुखवटा गुंडाळला तर त्यांची टोकं रंगावर चरे पाडतात. प्रत्येक दागिना सुटा, लहान झिप पिशवीत, आत कापसाचा तुकडा. खोट्या मोत्यांना अत्तर आणि घाम लागलेला असतो. कोरड्या मलमलीने पुसून एक रात्र हवेवर ठेवा.

मुखवटे कशाचे आहेत त्यावर पुढचं ठरतं. साध्या पितळेचे असतील तर चिंचेचं पाणी किंवा पितांबरी लावून घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि खाचांतलं पाणी टिपून घ्या. नाकपुडीत आणि पापणीच्या रेघेत चिंचेचा अंश राहिला की तिथे हिरवट डाग येतो. डोळे-ओठ रंगवलेले किंवा मुलामा दिलेले असतील तर चिंच अजिबात नको, नुसतं मऊ कोरडं फडकं. शाडू आणि पीओपीच्या मुखवट्यांना पाण्याचा हात लावू नका. मऊ ब्रशने, वरून खाली, नाकाकडून गालाकडे झटका. मलमलीत गुंडाळा, तोंड वर करून ठेवा, मानेखाली कापडाची चुंबळ द्या. वर्तमानपत्र थेट चेहऱ्याला लावलं की शाई रंगावर उतरते. गालावर बातमी उमटलेली गौर पुढच्या वर्षी कुणी रंगवायची?

साड्या सोडताना आधी सगळ्या पिना काढा. निऱ्यांच्या आत आणि खांद्याच्या मागे एकेक हमखास राहते. रेशमी साडी लगेच घडी करू नका, जुन्या चादरीने झाकलेल्या पलंगावर, सावलीत, एक दिवस पसरा. कापराचा आणि उदबत्तीचा वासही जातो. डाग असेल तर घरी प्रयोग न करता ड्रायक्लीनला द्या आणि डाग कशाचा ते तिथे सांगा. खऱ्या जरीची पैठणी सुती धोतरात गुंडाळा. त्या कपाटात डांबरगोळ्या नकोत, जर काळी पडते. आणि घडी बदलत राहा, नाहीतर जर घडीवरच तुटते. संक्रांत, पाडवा आणि वटपौर्णिमा अशा तीन खेपा ठरवून टाकल्या की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

गौरींच्या आतलं धान्य! पायल्यांत, कोथळ्यांत, राशीत घातलेले गहू-तांदूळ त्याच आठवड्यात काढून स्वयंपाकात घ्या. भरजरी साडीच्या डब्यात उंदीर शिरतो तो साडीसाठी नाही. मूठभर विसरलेल्या तांदळासाठी शिरतो. कापूस भरलेल्या हातांना आणि धडाला एक कडक ऊन दाखवा. लोखंडी स्टँड कोरडा पुसून सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि कागदात बांधा, म्हणजे पुढच्या वर्षी साडीला गंज लागणार नाही.

८. समया, निरांजनं, चांदी

आधी कागदाने तेल पुसा, मग गरम पाणी आणि साबण, सगळ्यात शेवटी चिंच. तेलावर थेट चिंच घासली की नुसता राडा होतो. समईचे भाग सुटे करून वाळवा. आटे ओले राहिले तर पुढच्या वर्षी पकडीनेही फिरत नाहीत.

चांदीला रबरबँड लावू नका. रबरात गंधक असतं, चांदी काळी पडायचं कारणही तेच. मलमलीत गुंडाळून झिप पिशवीत, हवा दाबून काढलेली, सोबत फळ्यावरच्या खडूचा एक तुकडा.

९. भिंत

टेप खेचून काढला की रंगाचा पोपडा सोबत येतो. हेअर ड्रायरने अर्धा मिनिट ऊब द्या, मग भिंतीला समांतर, खालच्या दिशेने, सावकाश ओढा. ऑइल पेंटवर उरलेला डिंक खोबरेल लावून निघतो. डिस्टेंपरवर खोबरेल चुकूनही नको, कायमचा डाग पडेल. तिथे खोडरबर हळू हळू फिरवा. भाड्याच्या घरात हे जास्त मनावर घ्या.

१०. ऑक्टोबरात बांधायचं

इथपर्यंत सगळं सुटं, स्वच्छ, पण उघडं आहे. अभ्र्यांत भरून, तोंडं मोकळी ठेवून, पंख्याची हवा लागेल अशा खोलीत राहू द्या. पाऊस माघारी फिरला आणि सलग तीन-चार दिवस कोरडं ऊन पडलं की एका दुपारी शेवटचं बांधायला बसा. नागपूर-सोलापूरकडे हे लवकर जमतं, किनाऱ्यावर थोडा धीर धरावा लागतो. वस्तू उन्हातून आणल्यावर तासभर सावलीत गार होऊ द्या. गरम असतानाच झाकण लावलं की आत वाफ धरते.

डब्यात तळाशी जड, वर हलकं. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या वापरू नका, त्यांना आतून घाम येतो आणि घाईच्या दिवशी कुणीतरी त्या कचऱ्यातच देतं. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके फुकट मिळतात, पण झुरळांची अंडीही त्यांच्याबरोबर फुकटच येतात.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या तर नव्या घाला. बुटांच्या खोक्यातून जपून ठेवलेल्या पुड्या महिनोन्‌महिने उघड्यावर राहून आधीच भरलेल्या असतात. कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर तो चुरचुरीत वाळलेला हवा. अर्धवट हिरवा पाला घातला तर ओल तुम्हीच आत ठेवलीत. डांबरगोळ्या साध्या सुती कापडापुरत्याच, पुरचुंडीत बांधून, फोम आणि प्लास्टिकला न टेकता.

जागा निवडताना:

- बाथरूमवरचा लॉफ्ट सोपा पडतो, पण तिथल्या भिंतीला हात लावून बघा. गार आणि दमट लागली तर तिथे फक्त धातू आणि प्लास्टिक.
- गच्चीखालच्या लॉफ्टवर उन्हाळ्यात भट्टी होते. मेणबत्त्या, ग्लू गनने चिकटवलेली कामं, फोम तिथे नको.
- पलंगाखालचे कप्पे साड्या आणि मुखवट्यांना सगळ्यात चांगले.
- कौलारू घरात पोटमाळ्यावर ठेवताना डबा भिंतीपासून चार बोटं लांब आणि विटांवर. वाळवी भिंतीतून चढते, मधली मोकळी जागा दिसत राहिली की तिची मातीची रेघ वेळेत नजरेला पडते.

झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, बाहेर मोठा आकडा. यादीचा आणि पहिल्या पायरीतल्या फोटोंचा एक संच घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या.

११. दिवाळीनंतरची छोटी फेरी

आकाशकंदील त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत बरेच जण ठेवतात, त्यानंतर उतरवा. बल्ब आणि होल्डर काढून वेगळे करा. घडीचा कंदील मिटताना झिरमिळ्या आत दुमडू नका. सरळ करून वर्तमानपत्राच्या सैल नळीत घाला. कामट्यांचा घरी केलेला कंदील असेल तर पतंगी कागद ठेवायच्या भानगडीत पडू नका, तो पिवळा पडून फाटतोच. कागद ओल्या फडक्याने भिजवून काढा, खळीचा अंश पुसा, आणि नुसता सांगाडा टांगून ठेवा. बांधलेल्या गाठी शाबूत राहिल्या की पुढच्या वर्षी अर्धं काम वाचतं. खळीत बुकबाइंडरसारखं चिमूटभर मोरचूद घातलं तर कीड लागत नाही, पण ते विष आहे. मुलं हाताने खळ लावणार असतील तर साधीच खळ बरी.

मातीच्या पणत्या तेल पितात. तशाच ठेवल्या तर खवट वास आणि मुंग्या. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवा, काथ्याने घासा, दोन उन्हं द्या. मेणाच्या पणत्या मात्र गरम पाण्याखाली धरू नका. वितळलेलं मेण मोरीच्या नळीत जाऊन थिजतं आणि पाणी तुंबतं. त्या तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. मेण आकसतं आणि सुरीच्या टोकाने वडीसारखं सुटून येतं.

उरलेली रांगोळी रंगवार बाटल्यांत. खाली सांडून मिसळलेले रंग एकत्र केले की राखाडी होतात. ती बाटली वेगळी ठेवा, बाह्यरेषेच्या सरावाला चालते.

डबे पुन्हा उघडायचे ते गणपतीच्या आदल्या दिवशी नव्हे, श्रावणात, नागपंचमीच्या सुमारास. माळा पुठ्ठ्यावरच असताना प्लग लावून ५-१० सेकंद बघा, जास्त नको, गुंडाळलेली माळ तापते. झालरी वाऱ्यावर टाका, लोखंडी स्टँडला बसलेली धूळ आणि तेल पुसून घ्या. काय मोडलंय, काय आणायचंय ते तेव्हाच कळलं तर दुकानात गर्दी नसते आणि इलेक्ट्रिशियनही फोन उचलतो.